फाट्यापासून घरापर्यंत : घडीची विजेची सायकल आणि आपली एसटी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. जुन्नर, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही जायचे म्हटले की आपली भिस्त एसटीवर. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. या काळात सवलतीही वाढल्या. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले.

म्हणजे तिकिटाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. राहिला तो फाट्यापासून घरापर्यंतचा प्रश्न. गाडी फाट्यावर थांबते आणि वस्ती असते दोन, तीन, कधी पाच किलोमीटर आत. त्या वाटेवर सवलत नाही, बस नाही आणि रिक्षा मिळालीच तर भाडे एसटीच्या तिकिटापेक्षा जास्त.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हा प्रश्न आमच्यापर्यंत वेगळ्या रूपात येतो. दहावीनंतर मुलीला जुन्नरला किंवा मंचरला कॉलेजात घालायची वेळ आली की घरात फीची चर्चा थोडी होते आणि ‘हिला फाट्यावर सोडायला-आणायला कोण जाणार?’ ही चर्चा जास्त. अब्बा रानात किंवा दुकानात, भाई चाकणला कंपनीत पाळीवर, घरात मोटरसायकल एकच. मुलगी हुशार असते, घरच्यांचा विरोधही नसतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या सवडीवर तिचे शिक्षण चालते. सवड संपली की शिक्षणही थांबते. आदिवासी पट्ट्यातील शाळांवर नेमणूक असलेल्या आमच्या भगिनींची आणि दवाखान्याच्या तारखेला एकटे निघणाऱ्या दादा-दादींचीही अडचण हीच.

म्हणूनच गेल्या वर्षभरात पालक आम्हाला विचारू लागले आहेत, “सर, ती घडी होणारी बॅटरीची सायकल घेऊ का? एसटीत नेता येईल का?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही.

ही सायकल म्हणजे काय?

साध्या सायकलीसारखेच पायडल, पण मदतीला चाकात छोटी मोटर. मधला सांधा उघडला की फ्रेम दुमडते, हँडल खाली येते आणि सायकल मोठ्या सुटकेसइतकी होते. पुण्यातल्याच ईमोटोराड कंपनीची ‘डूडल’ ही घडीची विजेची सायकल अनेकांनी पाहिली असेल. लंडनची ‘ब्रॉम्प्टन’ ही या प्रकारातील नावाजलेली सायकल. तिची घडी साधारण ६५ सेंटिमीटर लांब, ५९ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर जाड होते, पण तिची किंमत आपल्या सामान्य घरांच्या आवाक्याबाहेर आहे. भारतात मिळणाऱ्या घडीच्या विजेच्या सायकलींसाठी साधारण ३० ते ४० हजार रुपये आणि त्यापुढे मोजावे लागतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. तिला नंबरप्लेट, नोंदणी, लायसन्स लागत नाही. मात्र ‘जरा सेटिंग बदलून चाळीसने पळवून देतो’ असे दुकानदार म्हणाला, तर ती सायकल राहत नाही आणि अपघात झाल्यास जबाबदारी घरच्यांच्या गळ्यात पडते.

खरी परीक्षा वजनाची

जाहिरातीत ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हे मोठ्या अक्षरांत असते आणि वजन कुठेतरी कोपऱ्यात. एसटीने प्रवास करणाऱ्याने उलटे वाचावे. घडीच्या विजेच्या सायकलींपैकी हलक्या १६ ते १८ किलोच्या असतात. जाड टायरच्या, दिसायला दणकट सायकली २५ किलोच्या पुढे जातात. रस्त्यावर त्या छान चालतात, पण एसटीच्या पायऱ्या उंच आहेत, दरवाजा अरुंद आहे आणि मागे चढणारे ढकलत असतात.

पालकांना आम्ही एक सोपा उपाय सांगतो. जी सायकल घ्यायची आहे तिच्या वजनाइतका गहू पिशवीत भरावा. ज्या गाडीने रोज जायचे आहे त्याच गाडीत, त्याच वेळी, जो रोज जाणार आहे त्यानेच ती पिशवी घेऊन चढावे आणि उतरावे. सोबत दप्तरही असावे. असे दोन दिवस करून पाहिले की ३० हजारांचा निर्णय फुकटात होतो. सतरा वर्षांच्या मुलीला १६ किलो जमतील, २५ जमणार नाहीत. गुडघे दुखणाऱ्या दादाजींना दोन्ही जमणार नाहीत.

रोजच्या पाच-सात किलोमीटरसाठी मोठ्या बॅटरीची गरजही नसते. ३६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-अवर अशी बॅटरी असेल तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार २७० वॉट-अवर होतो. पायडल मारत मोटरची मदत घेतली, तर एका किलोमीटरला साधारण १० वॉट-अवर खर्च होतात. म्हणजे २५ किलोमीटरची सोय झाली. पूर्ण चार्जिंगला एक तृतीयांश युनिटही लागत नाही, घरच्या दराने दोन-तीन रुपये.

एसटीत नेताना

आमच्या वयाच्या वाचकांना जुन्या लाल गाड्यांचा टप आठवत असेल. मागच्या शिडीने हमाल चढायचा आणि भाजीच्या पाट्या, कोंबड्यांच्या डालग्या आणि सायकलीसुद्धा टपावर जायच्या. आता बहुतेक गाड्यांना तो टप उरलेला नाही. काही गाड्यांना डिकी असते, बाकीच्यांत सामान आतच ठेवावे लागते.

ठरावीक वजनापुढे सामानाला लगेजचे तिकीट ही एसटीची जुनी पद्धत. घडी केलेली सायकल ‘सामान’ धरायची की ‘सायकल’, हा निर्णय मात्र प्रत्यक्षात वाहकावर येऊन पडतो. आमच्या एका सहकारी आपांनी काही आठवडे हा अनुभव घेतला. एकाच मार्गावर एका वाहकाने लगेजचे तिकीट फाडून सायकल मागच्या सीटजवळ ठेवू दिली, दुसऱ्याने ‘बॅटरीची वस्तू गाडीत नको’ म्हणून खाली उतरवली. दोघांनाही दोष देता येत नाही, कारण गर्दीच्या गाडीत वाट अडली तर बोलणी वाहकालाच खावी लागतात.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. गाडी येण्याआधीच सायकलची घडी करून ती कापडी पिशवीत घालावी. उघडी साखळी आणि चिखलाची चाके पाहूनच निम्मा विरोध होतो. बॅटरी काढून आपल्या हातातील पिशवीत ठेवावी, त्याने सायकल दोन-तीन किलोंनी हलकीही होते. वाहकाला ‘भाऊ’ किंवा ‘ताई’ म्हणून आधी विचारावे, लगेजचे तिकीट स्वतःहून मागावे. सायकल कधीही दारात किंवा मधल्या वाटेत ठेवू नये. कॉलेजच्या वेळेला भरून येणाऱ्या गाडीऐवजी शक्य असल्यास आधीची गाडी पकडावी.

पुण्यात शिकणाऱ्या मुलांना पुढची वाट सोपी आहे. नाशिक फाट्याला उतरले की जवळच मेट्रो मिळते आणि पुणे मेट्रोत सायकल नेण्यास परवानगी आहे. तिथे लिफ्ट आहे, डबा सपाट आहे, चढायला पायरी नाही. पुणे स्टेशनला उतरून कॅम्पातल्या आझम कॅम्पसपर्यंत घडीची सायकल फार उपयोगी पडेल. मुंबईत मेट्रोच्या २-ए आणि ७ या मार्गिकांवरही सायकल नेता येते.

बॅटरीची काळजी

वाहकाची भीती अगदीच निराधार नाही. लंडनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत एका स्टेशनवर विजेच्या सायकलने पेट घेतला आणि ३१ मार्च २०२५ पासून तिथल्या वाहतूक संस्थेने भुयारी रेल्वेसह बहुतेक गाड्यांत विजेच्या सायकलींना बंदी घातली. त्यातून घडीच्या सायकलींना मात्र सूट दिली. कारण धोका मुख्यतः साध्या सायकलीला बाहेरून मोटर आणि स्वस्त बॅटरी जोडून घेतलेल्या सायकलींचा असतो, घडीच्या सायकली बहुधा कारखान्यातूनच तशा बनून येतात.

आपणही यातून धडा घ्यावा. जुगाड करून जोडलेली बॅटरी घेऊ नये. चार्जर कंपनीचाच वापरावा. सगळे झोपलेले असताना चार्जिंगला लावून ठेवू नये. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी गाडीत नेऊ नये.

आणखी एक गोष्ट. दुबईत किंवा सौदीत असलेल्या मुलाला ‘येताना अशी सायकल घेऊन ये’ असे सांगू नये. विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि सायकलीची बॅटरी सहसा त्याहून मोठीच असते.

बिबट्या आणि अंधार

आपल्या भागात याचा विचार केल्याशिवाय कोणताही सल्ला अपुरा आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे या धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभारावे लागले, यावरूनच प्रश्न किती मोठा आहे हे कळते. विजेची सायकल आवाज करत नाही. शहरात हा गुण आहे, उसाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर नाही. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीवर ‘पळून जाऊ’ हा भरवसाही ठेवू नये.

त्यामुळे मगरिबनंतर आणि फजरच्या आधी मुलांना एकटे सायकलवर पाठवू नये. हिवाळ्यात सहाच्या सुमारासच दिवस मावळतो, हे कॉलेजची वेळ पाहताना लक्षात घ्यावे. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचण्याची घाई असते, त्या दिवसांत एक गाडी आधी पकडावी. दोघी-तिघींनी मिळून जावे, पुढे-मागे दिवा असावा, घंटी वाजवत किंवा मोठ्याने बोलत जावे.

मुलींसाठी आणखी एक सूचना. बुरखा किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात टाळता येतात. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी. घडीच्या सायकलीची चाके लहान असल्याने कपडा चाकाच्या जवळ येतो आणि खड्डाही जास्त जाणवतो. कपडा वर बांधण्यासाठी साधी क्लिप पुरते.

कोणी घ्यावी, कोणी नाही

फाट्यापासून घर आणि स्थानकापासून कॉलेज, दोन्ही बाजूंना दोनपेक्षा जास्त किलोमीटर असतील आणि वजन उचलता येत असेल, तरच घडीची विजेची सायकल घ्यावी. चालणे फक्त घराच्या बाजूलाच असेल, तर ती एसटीत चढवायची गरज काय? तीन-चार हजारांची जुनी साधी सायकल घेऊन ती फाट्यावरच्या ओळखीच्या दुकानात कुलूप लावून ठेवावी. दुकानदाराला महिन्याला थोडे पैसे दिले तरी ते परवडते. चढाच्या रस्त्यावर साधी विजेची सायकल घेऊनही हेच करता येईल, फक्त बॅटरी काढून सोबत न्यावी.

वस्तीतल्या दोन-तीन घरांनी, शाळेने आणि ग्रामपंचायतीने मिळून एक काम जरूर करावे. नारायणगावसारख्या आपल्या आगाराच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा. घडी केलेली, पिशवीतली सायकल कोणत्या गाडीत, कोणत्या जागी, किती लगेज आकारून चालेल, याचे लेखी उत्तर मागावे. उत्तराची प्रत मुलीच्या दप्तरात असली की रोज नव्या वाहकाशी हुज्जत घालावी लागणार नाही. तोंडी ‘चालेल हो’ वर ३० हजारांची खरेदी करू नये. अर्ज कसा लिहावा हे कळत नसेल तर मुलांच्या शाळेत या, आम्ही शिक्षक मंडळी तो लिहून देऊ.