नानांनी पाहिलेला शेवट

सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीत आरतीनंतर व्हिडिओ लागायचा. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, बाकड्यावर मांडायचा आणि समोर ताडपत्री अंथरायची. अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार इकडून सुरतेत लूमवर पोट भरायला आलेली सगळी खानदेशी घरं. रात्रपाळीची माणसं डबा हातात घेऊन उभ्या उभ्या अर्धा तास बघत आणि कारखान्याकडे निघत. पहिला सिनेमा कुठलाही असो, मध्यरात्रीनंतर ‘शोले’ ठरलेला.

ती कॅसेट इतकी फिरलेली होती की चित्राच्या खालच्या कडेला पांढऱ्या रेघा सतत नाचत. चित्र फारच फाटू लागलं की व्हिडिओवाला झाकण उघडायचा, पांढऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून हेडवर धरायचा आणि बोटाने ड्रम हळूच फिरवायचा. कागदावर काळी रेघ उमटली की झाकण बंद, गब्बर परत सुरू. रंग तर कधीच उडालेले. रामगढचे खडक आम्हाला फिक्या गुलाबी रंगाचेच माहीत होते.

शेवटी पोलीस येत, ठाकूरला थांबवत, आणि सोसायटीतले नाना दर वर्षी म्हणत, “हे खोटं आहे. पोलीस येतच नाहीत. खिळ्यांच्या बुटांनी ठाकूर गब्बरला तुडवून मारतो.” शेठच्या घरी कधीतरी निरोप द्यायला गेले असताना, लंडनच्या पाहुण्यांनी आणलेल्या कॅसेटवर आपण हे पाहिलं, असं ते सांगत. कोणाचा विश्वास बसत नसे. पोरं तर त्यांना मुद्दाम विचारायची. नाना चिडत नसत, फक्त म्हणत, “पाहिलंय मी.”

नाना खरं बोलत होते. ‘शोले’ची मूळ, न बदललेली आवृत्ती लोकांपुढे आली ती १९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटवर. तोवर १५ वर्षं सगळीकडे दुसराच शेवट चालत होता. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे टीव्हीची पाल पद्धत, त्यामुळे लंडनची कॅसेट सुरतेच्या यंत्रावर बिनतक्रार चालायची. अमेरिकेची असती तर नुसत्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या दिसल्या असत्या. आणि सुरतेत विलायतेचे पाहुणे कोणाकडे नाहीत?

चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. आणीबाणी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलीस अधिकारी स्वतःच कायदा हातात घेऊन माणूस मारतो, हे सेन्सॉरला मान्य होईना. संजीवकुमार तेव्हा सोव्हिएत संघात होते. त्यांना परत बोलावून शेवट नव्याने चित्रित करावा लागला. सचिनने रंगवलेल्या अहमदचा मृत्यूही कापला गेला. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि एकदम घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं, एवढंच आपण पाहिलं. मुंगीवरून प्रेतावर घेतलेली ती उडी मला आजही अंगावर काटा आणणारी वाटते. कधी कधी कात्रीसुद्धा मोठं काम करून जाते.

ती कात्री संकलक माधव शिंदे यांची. रमेश सिप्पींनी चित्रित केलेली सुमारे ३ लाख फूट फिल्म त्यांच्या टेबलावर आली आणि त्यातून त्यांनी सव्वातीन तासांचा सिनेमा काढला. आगगाडीवरचा हल्ला आठवा: घोडे, रूळ, बंदुका, कोळशाची फावडी. मारामारी आणि पाठलागांसाठी इंग्लंडहून स्टंटची माणसं आली होती, पण त्या सगळ्या धावपळीला ताल दिला तो या मराठी माणसाने. फिल्मफेअरची नऊ नामांकनं मिळालेल्या ‘शोले’ला पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा. शिंदे २०१२ मध्ये गेले. अखेरची वर्षं त्यांनी धारावीतल्या एका लहानशा खोलीत काढली. ‘शोले’वर लिहिताना त्यांचं नाव मागच्या ओळीत राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडच्या कॅसेटी शेवटी खाडीच्या पुरात गेल्या. या भागाला खाडीपूर नवा नाही. पाणी ओसरल्यावर लाकडी पेटी उघडली, तर फितीच्या गुंडाळ्यांवर काही दिवसांतच पांढरी बुरशी चढलेली. अशी फीत लावली तर यंत्रही खराब करते, म्हणून सगळ्या टाकून दिल्या. तेव्हा वाटलं होतं, आपल्या कॅसेटी गेल्या तरी मुंबईत कुठेतरी मूळ सिनेमा नीट ठेवलेला असेलच.

तसं नव्हतं. २०२२ मध्ये सिप्पी फिल्म्सने मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडे साहित्य सोपवलं, तेव्हा कित्येक डब्यांवरच्या चिठ्ठ्याही उरल्या नव्हत्या. आत मूळ कॅमेरा निगेटिव्ह सापडली, पण ती पार खराब झालेली. जुनी फिल्म ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणात ती कुजू लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकते. आणि सुटलेलं आम्लच पुढची कूज वाढवत नेतं. एवढा गाजलेला सिनेमा, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला, पण ७० एमएमची एकही प्रिंट उरली नव्हती. मला हे वाचून आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

सिनेमा वाचला तो कॉप्यांमुळे. निगेटिव्हवरून केलेल्या काही मधल्या प्रती, एक इंटरपॉझिटिव्ह आणि दोन कलर रिव्हर्सल इंटरमीडिएट, ब्रिटनमधल्या एका गोदामात होत्या. १९७८ सालची आणखी एक इंटरपॉझिटिव्ह भारतात मिळाली. हे सारं इटलीतल्या बोलोन्याला, ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत गेलं आणि काम जवळपास तीन वर्षं चाललं. सेकंदाला २४ चौकटी. २०४ मिनिटं धरली तर २ लाख ९४ हजारांच्या आसपास चौकटी होतात. त्या आधी स्कॅन करायच्या, मग ओरखडे, धूळ, हलणारं चित्र, उतरलेला रंग दुरुस्त करायचा. यात फार पुसूनही चालत नाही. फिल्मचा बारीक दाणा गेला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात.

कॅसेटवर रंग उडालेले होतेच, आमच्या टीव्हीने आणखी एक घोळ घातला होता. ‘शोले’ ३५ एमएमवर चित्रित करून मग ७० एमएमवर मोठा केला होता. छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी चौकट बांधली ती रुंद पडद्यासाठी. टीव्हीची चौकट जवळजवळ चौकोनी. तिच्यात वरखाली जास्त दिसायचं, पण ते दाखवायचंच नव्हतं. रिकामं आभाळ, पायाखालची माती. माणूस आणि खडक यांचं नातं त्यात सैल पडायचं.

नवी प्रत २७ जून २०२५ ला बोलोन्याच्या भर चौकात, पियाझ्झा माज्जोरेत, उघड्यावर दाखवली गेली. उघड्यावरच्या पडद्यासमोर बसलेली माणसं म्हटलं की मला आमची ताडपत्री आठवते. मालेगावही आठवतं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये तिथे स्वतःचा ‘शोले’ बनवला. सुरत काय, मालेगाव काय, दोन्ही मागांची गावं, आणि दोन्हीकडे हा सिनेमा पहिल्यांदा जवळ आला तो कॅसेटवरून.

डिसेंबर २०२५ मध्ये मूळ शेवटासह ‘शोले’ भारतातल्या थिएटरांत लागला, तेव्हा मी नानांना घेऊन गेलो. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना आता ऐकू फार कमी येतं. पन्नास वर्षांपूर्वी जयने नाणं उडवलं की प्रेक्षक खुर्चीखाली शोधत, अशी त्या स्टीरिओ आवाजाची ख्याती सांगतात. नाणं उडालं तेव्हा मी नानांकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू आलं नसावं. पण ओठ हलत होते. पॉलिडॉरच्या संवादांच्या तबकडीवरून पाठ झालेलं एकेक वाक्य, पडद्याच्या किंचित आधी, ते स्वतःशी म्हणत होते. तीन तास असंच चाललं.

मग ठाकूरचे बूट दिसले, तळव्याचे खिळे दिसले. पोलीस आले नाहीत. नानांचे ओठ थांबले. समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ते पुढे झुकले आणि दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले.