काळ्या नदीकडून पळून आलेली बाई

१७ ऑगस्ट १७४४ च्या रात्री मॉरिशसच्या ईशान्येला, इल द आंब्र या छोट्या बेटाजवळच्या प्रवाळखडकांवर ‘सँ-जेराँ’ नावाचे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज फुटले. जहाजात साखर कारखान्याची यंत्रे होती, प्रवासी होते, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चढवलेले गुलाम होते. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या जबान्या सरकारी दप्तरात राहिल्या आणि ४४ वर्षांनी, १७८८ मध्ये, त्या अपघाताभोवती एक प्रेमकथा छापून आली : बेर्नार्दँ द सँ-पिएर याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’.

आज अमेरिकेत ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा हा कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. जुना काळ, निर्मळ प्रेम, शरीराच्या बाबतीत पाळलेली मर्यादा, संकटात लागणारी श्रद्धेची कसोटी हे त्याचे ठरलेले घटक. अशी कथा उष्णकटिबंधातल्या बेटावर घडली की त्यात एदेन बागेची छाया येते आणि वादळही येते. हे सगळे या फ्रेंच पुस्तकात एकत्र सापडते. पण आपण ते वाचावे असे मला वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. स्वर्ग रंगवताना लेखकाच्या हातून त्या स्वर्गाचा पायाही उघडा पडला आहे.

कथा अशी. दोन फ्रेंच बायका मॉरिशसच्या पोर्ट लुईमागच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात आसरा घेतात. मार्गरीत शेतकऱ्याची मुलगी. एका सरदाराने फसवून सोडलेली. मादाम द ला तूर उच्च कुळातली, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली आणि लगेच विधवा झालेली. एकीचा मुलगा पॉल, दुसरीची मुलगी व्हर्जिनी. दोघे भावंडांसारखी वाढतात. प्रत्येकाच्या जन्माच्या वेळी एकेक नारळ लावलेला असतो. रविवारी सगळे पाम्प्लमूसच्या चर्चमध्ये मिस्साला जातात. मुले मोठी होतात तशी व्हर्जिनी पॉलपासून संकोचून दूर राहू लागते. मग मादाम द ला तूरच्या फ्रान्समधल्या श्रीमंत आत्याचे बोलावणे येते आणि व्हर्जिनीला जावे लागते. आत्याने ठरवलेले लग्न ती नाकारते, वारसा गमावते आणि परत निघते. ज्या जहाजाने ती येते ते सँ-जेराँ.

बेर्नार्दँ पेशाने इंजिनियर होता. १७६८ ते १७७० या काळात तो मॉरिशसमध्ये राहिला. बेटाला तेव्हा ‘इल द फ्रान्स’ म्हणत. १७७३ मध्ये त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. मळ्यांवर गुलामांना कसे वागवतात हे त्यात त्याने संतापाने मांडले. युरोपच्या कॉफी आणि साखरेसाठी दोन खंड उद्ध्वस्त होत आहेत, असा त्याचा रोख होता. म्हणजे त्याला सगळे दिसले होते. हे लक्षात ठेवून कादंबरी वाचली की तिच्यातल्या काही जागा टोचू लागतात.

व्हर्जिनीचे वडील का वारले? मादागास्करला गुलाम विकत घ्यायला गेले आणि तिथे तापाने गेले. दोन्ही आयांच्या शेतीत राबतात ते दोमिंग आणि मारी, दोघेही गुलाम. ते प्रेमळ आहेत, निष्ठावान आहेत, आणि शेवटपर्यंत गुलामच आहेत. खोऱ्यातल्या त्या साध्या, देवाला स्मरून चाललेल्या संसाराचे कष्ट कोण उपसते, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही.

एका प्रसंगात मात्र तो आपोआप उभा राहतो, आणि माझ्या मते पुस्तकाचे खरे काळीज तिथे आहे. रविवारची पहाट. आया मिस्साला गेल्या आहेत. केळींखाली एक हाडकुळी बाई येऊन पाया पडते. ती रिव्हिएर नुआर, म्हणजे काळ्या नदीकडच्या मळ्यातून पळालेली गुलाम आहे. अंगावर आसुडाचे वळ आहेत. व्हर्जिनी घरच्यांसाठी केलेली न्याहारी तिला देते. मग तिच्या बालमनाला वाटते, आपणच हिच्या मालकाकडे जाऊन क्षमा मागावी. दोन्ही मुले तिला घेऊन डोंगर-नद्या ओलांडून जातात. मालक व्हर्जिनीचे रूप पाहून क्षमेचा शब्द देतो. देवासाठी नव्हे, तिच्यासाठी, हे तो बोलूनही दाखवतो. परतताना मुले वाट चुकतात आणि त्यांना खांद्यावरून घरी पोचवतात ते पळून डोंगरात लपलेले गुलाम. दोमिंगकडून कळते की त्या बाईच्या पायात साखळी आणि गळ्यात लोखंडी कडे अडकवले आहे. मुलीची दया तिला पुन्हा त्याच मळ्यात सोडून आली. पुढे ती बाई कथेत येत नाही.

या प्रसंगापुढे शेवट मला कमी भिडतो, जरी युरोप रडला तो शेवटासाठीच. बुडत्या जहाजावर एक खलाशी व्हर्जिनीला कपडे उतरवून पोहून ये म्हणतो. ती लज्जेपोटी नकार देते आणि बुडते. मागोमाग पॉल झुरून मरतो, दोन्ही आयाही जातात. लेखकाने हा पवित्र मृत्यू मानला. मला तो पटत नाही. जीव हे देवाचे देणे मानणारा धर्म जीव वाचवण्याच्या आड वस्त्र येऊ देईल, हे स्वीकारणे कठीण आहे. प्रत्यक्षातल्या जबान्यांत कपडे उतरवायला नकार दिला होता तो जहाजाच्या कप्तानाने, आपल्या हुद्द्याला ते शोभणार नाही म्हणून. अपघात वादळातही झाला नव्हता. ऑगस्ट हा तिथे चक्रीवादळांचा काळ नव्हे. लेखकाने नाताळचा काळ निवडला, वादळ आणले आणि पुरुषाचा मानापमान मुलीचे शील करून टाकला.

पुस्तकाचा प्रसार मात्र अफाट झाला. १७९५ मध्ये हेलन मारिया विल्यम्सचा इंग्रजी अनुवाद आला. फ्लोबेरची एमा बोव्हारी लहानपणी हेच वाचते. कृष्णकमल भट्टाचार्यांच्या बंगाली अनुवादावर बाल रवींद्रनाथ रडले होते, असे त्यांच्या आठवणींत आहे. मॉरिशसमध्ये प्रॉस्पेर देपिनेने घडवलेले दोघांचे शिल्प पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात आहे, आणि सँ-जेराँची घंटा माहेबूरच्या संग्रहालयात.

मराठी वाचकाचा या बेटाशी वेगळा संबंध आहे. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांत गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आले. त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती, आणि त्यांच्या वस्त्यांपैकी काही याच रिव्हिएर नुआर भागात वाढल्या. कास्कावेलसारख्या गावांत आजही गणपती बसतात. याच भागातला ल मोर्नचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता; युनेस्कोने २००८ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले.

पर्यटक तिथे जातात ते समुद्रकिनाऱ्यांसाठी. जाणार असाल तर ही छोटी कादंबरी आधी वाचा, आणि वेळ कमी असेल तर निदान त्या रविवारचा प्रसंग तरी वाचा.