परदेशीं गेलेले डॉक्टर

५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पुढें तिचा बराच भार भारतांतून गेलेल्या डॉक्टरांनीं उचलला. १९७५ सालीं परदेशी पदवीधरांसाठीं परीक्षा आली. तिचा पहिला भाग लेखी. दुसऱ्यांत रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटाशीं बोलून तपासणी करावी लागते. परंतु परीक्षा ज्ञान पारखते, रीत शिकवीत नाहीं. आपल्याकडे डॉक्टर बहुधा निर्णय सांगतो व कुटुंब तो मानतें; तेथें रुग्णापुढें पर्याय ठेवून त्याची संमति घ्यावी लागते, नातेवाइकांशीं बोलण्यासहि त्याची परवानगी लागते. म्हणून तेथील वैद्यक परिषद नवागतांसाठीं विनामूल्य कार्यशाळा भरविते. कांहीं रुग्णालयें त्यांना प्रथम अनुभवी डॉक्टरांबरोबर फिरूं देतात. हें केवळ पाहुण्याचें आतिथ्य नव्हे. रुग्णाची सुरक्षितताहि त्यावर अवलंबून आहे.