चित्र वाकडं आलं तरी चालेल!

आजचा भाग एका मेसेजमुळे सुचला. आपला पॉडकास्ट ऐकणाऱ्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "अँग्झायटी वाटली की छंद जोपासा, असं सगळे सांगतात. मी रंग आणले, वही आणली. पण चित्र बिघडलं की आणखीच वाईट वाटतं. आता चित्राचंही टेन्शन!"

प्रश्न अगदी बरोबर आहे. माझं थोडक्यात उत्तर असं: रंगांनी फरक पडतो, पण त्या कागदाकडे बघताना आपण स्वतःशी कुठल्या भाषेत बोलतो, त्याने जास्त फरक पडतो. कसं, ते बघूया.

आधी अँग्झायटीचं बघू. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याला धोका जाणवला की तो अलार्म वाजवतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतात, छाती धडधडते, हातापायाला घाम येतो. साप दिसला तर ही सोय फार कामाची. गंमत अशी, की हा अलार्म सापासाठी वाजतो तसाच मॅनेजरच्या "कॉल करू का?" या मेसेजसाठीही वाजतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑन-कॉलचा आठवडा असला की माझा फोन वाजलेला नसतानाही मला खिशात थरथरल्यासारखा वाटतो. साप कुठेच नसतो, शरीर मात्र पळायच्या तयारीत.

अशा वेळी हाताने काही घडवलं तर काय होतं? अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना मार्कर, माती, कोलाजचं सामान दिलं आणि सांगितलं, ४५ मिनिटं हवं ते करा. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालेलं दिसलं. आणि महत्त्वाचं म्हणजे, चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. आता अभ्यास छोटा आहे, आणि उरलेल्या २५ टक्क्यांचं कॉर्टिसोल कमी झालंच नाही, हेही लक्षात ठेवू. पण "मला चित्र काढता येत नाही" ही सबब मात्र इथे गळून पडते.

मग आपल्या मैत्रिणीला त्रास का झाला? माझा अंदाज असा. हात रंगवत असताना डोक्यात एक परीक्षक बसलेला असतो. "हे काय काढलंस? इन्स्टावर लोक बघ काय काय करतात." त्याचा आवाज ऐकला की अलार्म परत सुरू. म्हणजे आपण धोक्यातून बाहेर पडायला कागद घेतला आणि धोका कागदावरच आणून बसवला.

इथे दुसरी गोष्ट येते, सेल्फ-कम्पॅशन. मराठीत आत्मकरुणा म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा. जिवलग मित्र अडचणीत असताना आपण त्याच्याशी जसं बोलू, तसं स्वतःशी बोलायचं. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली याचे तीन भाग मांडले. पहिला, स्वतःवर डाफरण्याऐवजी मायेने वागणं. दुसरा, "हे फक्त माझ्याच वाट्याला" असं न समजता सगळ्यांचंच असं होतं हे ओळखणं. तिसरा, भावना दाबायची नाही आणि तिच्यात बुडायचंही नाही. "हो, आत्ता भीती वाटतेय" एवढं शांतपणे बघायचं.

लगेच शंका येते, "मग काय स्वतःचे लाडच करायचे? असं केलं तर आळशी नाही होणार?" यावरही प्रयोग झालाय. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली. नंतर काहींना सांगितलं की ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितलं की तुम्ही हुशारच आहात. काहींना काहीच नाही. पुढच्या परीक्षेसाठी सगळ्यात जास्त वेळ अभ्यास कोणी केला? पहिल्या गटाने!

माझ्या क्षेत्रात हे आम्ही वेगळ्या नावाने करतोच. सर्व्हर पडला की नंतर 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' होतं. "कोणी केलं?" हा प्रश्न विचारायचा नाही; "काय झालं, कशामुळे झालं, पुढे काय बदलायचं?" एवढंच. कारण दोष द्यायला लागलं की लोक माहिती लपवतात आणि सर्व्हर पुन्हा पडतो. मशीनसाठी आपण एवढा समजूतदारपणा दाखवतो. रात्री दोन वाजता स्वतःसाठी मात्र थेट आरोपपत्र!

आणि हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नाही हं. जात्यावरच्या ओव्या आठवा. भल्या पहाटे दळायला बसलेल्या बायका माहेराची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट बघणं, सगळं ओवीत घालत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. समोर प्रेक्षक नाही, बक्षीस नाही. हात खुंट्यावर, मन शब्दांत, आणि समोर दुसरी बाई दळायला असली तर तीही सूर धरणार. हातांना काम, दुःखाला शब्द आणि "बाई गं, माझंही असंच आहे" म्हणणारी सोबत. नेफ यांचे तिन्ही भाग त्यात सापडतात.

दारातली रांगोळीही तशीच. माझी आजी रोज सकाळी काढायची. दुपारपर्यंत कुणाचातरी पाय पडलेला असायचा. तिने कधी हळहळ केली नाही. उद्या नवीन काढायचीच आहे. जपून ठेवायचं नसलं की बिघडायची भीती कमी होते.

तर मग करायचं काय? मी करतो ते सांगतो.

एक, आधी भावनेला नाव द्या. "टेन्शन आलंय" हे फार मोघम झालं. "उद्याच्या रिव्ह्यूची भीती वाटतेय" असं नेमकं कागदावर लिहा.

दोन, दहा मिनिटांचा टायमर लावा आणि फोन उलटा ठेवा. मी जुन्या डायरीत बॉलपेनने टेबलावरची वस्तू काढतो. चहाचा कप, चार्जर, किल्ल्या. तुम्ही विणा, कणकेचे प्राणी करा, चार ओळी लिहा. खोडरबर मात्र घेऊ नका.

तीन, फोटो काढायचा नाही. लाइक मोजायला लागलो की परीक्षक परत खुर्चीत.

चार, आतला आवाज ओरडलाच, तर एकच प्रश्न विचारा: "हेच वाक्य मी मित्राला बोललो असतो का?" नसतो, तर मित्राला काय म्हटलं असतं, ते स्वतःला म्हणा. मोठ्याने म्हटलं तर उत्तम. पहिल्यांदा जाम विचित्र वाटतं, पण होते सवय.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वही आणि रंग हे उपचारांच्या जागी नाहीत. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामाला जाणंच अशक्य झालं असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. मदत मागणं हीसुद्धा स्वतःवरची मायाच.

आणि मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणी, ते बिघडलेलं चित्र फाडू नकोस. पुढचं पान उघड. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!