गाऱ्हाणं नसलेलं भूत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीच्या माणसाला भुताची ओळख करून द्यावी लागत नाही. मुंज्याची सोडमुंज राहिलेली असते, हडळीचा संसार अर्धा सुटलेला असतो. प्रत्येकाचं काही मागणं असतं, म्हणूनच उतारा निघतो. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे माडिया लोक मृताच्या आठवणीसाठी दगड उभा करतात. मेलेला माणूस या मुलखात अजून कुणाचा तरी असतो. झोंबी मात्र बेवारस. त्याला ना नाव, ना नातं, ना तक्रार.

व्हिडिओ गेमला नेमका असाच शत्रू हवा होता. ज्याला मारताना हात कापत नाही, असा.

जपानच्या ‘कॅपकॉम’ कंपनीनं मार्च १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर ‘रेसिडेंट इव्हिल’ आणला. जपानमध्ये त्याचं नाव ‘बायोहॅझर्ड’. दिग्दर्शक शिंजी मिकामी. या गेममधली भीती झोंबींपेक्षा टंचाईची जास्त. गोळ्या मोजक्या, आणि खेळ जिथवर आला तिथं राखून ठेवायचा तर टाइपरायटरची रिबन लागते, तीही मोजकीच. प्रत्येक खोलीआधी दार सावकाश उघडताना दिसतं. आत पुढची खोली डिस्कवरून चढत असते, ती वेळ झाकायची ही युक्ती. पण खेळणाऱ्याचा जीव तेवढ्यात टांगणीला लागतो.

या गेमवर सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा काम आधी जॉर्ज रोमेरोकडे गेलं. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नं माणसं खाणारे मुडदे पडद्यावर रुळवले ते त्यानंच. तरी त्याची पटकथा नाकारली गेली. मग पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन आला. त्यानं गेममधली माणसं बाजूला ठेवली आणि ॲलिस नावाची नवीच नायिका उभी केली. ती शुद्धीवर येते तेव्हा तिला काहीच आठवत नाही. मला ही चाल फार हुशारीची वाटते: पहिल्यांदा खेळायला बसलेल्या माणसालाही कुठं काय माहीत असतं? हातातला कंट्रोलर गेला, तरी चाचपडणं प्रेक्षकाकडे राहिलं.

२००२ चा तो सिनेमा बराचसा बर्लिनमध्ये चित्रित झाला. अंब्रेला कंपनीची जमिनीखालची प्रयोगशाळा, सुटलेला टी-व्हायरस, माणसं कोंडून मारणारा ‘रेड क्वीन’ संगणक आणि मधोमध मिला योवोविच. खर्च सुमारे ३.३ कोटी डॉलर, गल्ला दहा कोटींच्या वर. २०१६ पर्यंत सहा भाग आले. पुढचे निव्वळ हाणामारीचे, त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पहिल्यातला लेसरचा बोळ मात्र विसरता येत नाही. तो मूळ गेममध्ये नव्हताच. सिनेमात गाजला आणि २००५ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’ गेममध्ये तसाच बोळ दिसला. लेकीनं माहेरी काहीतरी नेऊन दिलं म्हणायचं.

मराठीत झोंबी आला २६ जानेवारी २०२२ रोजी, आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’तून. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर त्यात आहेत. गाव डोंबिवली, एका बाजूला टॉवर, दुसरीकडे झोपडपट्टी, आणि संकटाचं मूळ पाण्यात. बेवारस झोंबीला आपल्याकडे आणताना दिग्दर्शकाला त्याच्यामागं गाऱ्हाणं उभं करावंच लागलं. २०२४ मध्ये याच सरपोतदारांनी हिंदीत ‘मुंज्या’ काढला. लग्नाची वासना उरलेलं आपलं जुनं भूत, कोकणातलं. त्यानं शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. योगायोग असेलही, मला तसं वाटत नाही.

आता दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागेल. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव फिरतील, मंडई आणि शंकरपटाच्या रात्री पहाटेपर्यंत प्रयोग चालतील. तिथं झोंबी आणायला रंगभूषेची अडचण नाही. अडचण आहे ती संवादांची. रात्रभर नुसतं गुरगुरणारं पात्र झाडीपट्टीचा प्रेक्षक चालवून घेणार नाही. पहिल्या अंकात त्याला जिवंत दाखवावं लागेल, भावाशी धुऱ्यावरून भांडताना, एखादं गाणंही द्यावं लागेल. मग तिसऱ्या अंकात तो उठून आला, की गोळी कुणी घालायची यावर चौथा अंक सहज निघेल.