हिवाळा, सातपुडा आणि चाकांवरचे घर

मोर्शीच्या माणसाला सातपुडा शोधायला जावे लागत नाही. गावाबाहेर पडून उत्तरेकडे पाहिले की तो निळसर भिंतीसारखा उभा असतो. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीची ओळख असतेच असे नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही चार मित्र आणि एका मित्राचे काका असे पाच जण या डोंगरात चार दिवस हिंडलो. तीनही रात्री गाडीतच झोपलो. कोणते पॉइंट पाहिले आणि काय खाल्ले याची जंत्री येथे देत नाही. चाकांवरचे घर घेऊन थंडीत डोंगर चढायचा म्हणजे काय काय समजून घ्यावे लागते, तेवढेच सांगण्याचा विचार आहे.

गाडी काकांची. मागची आसने काढून त्या जागी फळ्यांची दोन बाके, एक पाण्याची टाकी आणि भांड्यांचे कपाट बसवलेले. या फेरबदलाची परिवहन कार्यालयात रीतसर नोंद केलेली. परदेशात अशा गाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन् महिने फिरतात. महाराष्ट्र शासनानेही 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. म्हणून ही कल्पना नवी वाटते. पण वऱ्हाडाला ती नवी नाही. गाडीलोहारांचा सारा संसार बैलगाडीत असे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून हेच घाट ओलांडत. आपले आजे-पणजे जत्रेला निघत तेव्हा गाडीत कडबा, त्यावर गोधडी आणि मागे बांधलेली घागर असा थाट असे. काकांनी तरुणपणी संत्र्याचे ट्रक चालवले आहेत. निघण्यापूर्वीच ते म्हणाले, "पोट्टेहो, गाडी चालवाले मी हावो. पन राती ते कुठी उभी करा लागते, थे तुमी शिका." सगळ्या प्रवासाचे सार या वाक्यात होते, हे पुढे कळत गेले.

पहिला मुक्काम बहिरमचा. चांदूर बाजार मार्गे डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा यात्रा सुरू झाली होती. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत येथे राहुट्यांचे गाव वसते. हंडीतले मटण, रोडगे, वांग्याची भाजी आणि शेकोटी यांच्या भोवती वऱ्हाडातली आणि सीमेपलीकडची माणसे हिवाळा साजरा करतात. गाडगेबाबांची कीर्तनेही या यात्रेत झाली आहेत. यात्रेत मुक्कामाचे जुने शहाणपण अजून दिसते. राहुटी उंचवट्यावर, तिचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, चूल बाहेर आणि पाणी हाताशी. हे कोणी पुस्तकातून शिकलेले नाही.

येथून डोंगर एकदम उभा राहतो. मध्ये टेकड्यांच्या पायऱ्या फारशा नाहीत. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. या पायथ्याला समांतर अशी एक मोठी भेग, म्हणजे भूगर्भशास्त्रातला गाविलगड प्रस्तरभंग, पूर्व-पश्चिम दिशेने गेली आहे. भेगेच्या उत्तरेचा भाग उंच राहिला आणि दक्षिणेचा पूर्णा खोऱ्याचा भाग खचला. खचलेल्या भागात गाळ साचून आपली काळी जमीन झाली. मोर्शीजवळच्या साळबर्डीला गरम पाण्याचा झरा आहे, तोही याच भेगेच्या पट्ट्यात. गाविलगडच्या फेरीने साळबर्डीचे कोडे सुटते ते असे.

साळबर्डीचा विषय निघाला आहे तर मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी एक आठवण नोंदवतो. आपल्या तालुक्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर चक्रधरस्वामी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच डोंगररांगेत, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळ, अमरावतीच्या निसर्गप्रेमींना 2007 साली प्राचीन चित्रे असलेली शैलगृहे सापडली. म्हणजे या डोंगरात मुक्काम करणाऱ्यांची रांग फार लांब आहे. आपण तिच्या अगदी शेवटी उभे आहोत.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून धामणगाव गढीच्या वाटेने चिखलदऱ्याचा घाट चढलो. गाव सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. चढताना काका गाडी हळू चढवत होते, त्याचे आम्हाला नवल वाटले नाही. उतारावरही ते तितक्याच सावकाश, खालच्या गिअरमध्ये उतरत, याचे मात्र वाटले. कारण साधे आहे. उतारावर गाडीचा वेग कुठे तरी जिरवावा लागतो. सतत ब्रेक दाबला तर तो वेग उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये साठतो, ब्रेक तापतात आणि पकड सुटते. खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा चालकांचा जुना नियम त्यासाठी आहे. आमच्या गाडीत तर पाण्याची टाकी, भांडी आणि पाच माणसे, म्हणजे वजन अधिक.

याच डोंगरात डिसेंबर महिन्यातच एक वेगळा प्रवास घडला होता. 1803 साली इंग्रजांना नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड घ्यायचा होता. इतर बाजूंना कडे होते, फक्त उत्तरेकडून किल्ला पठाराला जोडलेला होता. तेव्हा स्टीव्हनसनच्या फौजेने अवजड तोफा सुमारे 30 मैल डोंगरातून फिरवून मागच्या बाजूला नेल्या. रस्ता नव्हता. तो शिपायांनीच केला आणि बहुतेक वाट तोफा हातांनी ओढल्या. 7 डिसेंबरला निघालेली फौज 12 तारखेला लबाड्याला पोचली आणि 15 तारखेला किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडचा इतिहास बदलला. गडाच्या तटावर उभे राहिले की डोंगरात रस्ता कोणाच्या हाती आहे याला केवढे महत्त्व असते, ते इतिहासाच्या पुस्तकापेक्षा लवकर समजते.

रात्री चिखलदऱ्याला वारा बोचरा होता. गारठ्याने कुडकुडत आमच्यापैकी एकाने निखाऱ्यांची शेगडी गाडीत घेण्याची सूचना केली. काकांनी ती तिथल्या तिथे मोडून काढली. या एका मुद्द्यासाठी तरी हा लेख वाचला जावा असे मला वाटते. बंद जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरते. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. डोके जड होते, झोप येते आणि ती झोप मोडत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात. त्या बंद खोल्यांच्या असतात. गाडी ही तर खोलीपेक्षाही लहान. म्हणून शेगडी बाहेर, इंजिन बंद आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या. थंडी गोधडीने आणि घोंगडीने अडवावी, विस्तवाने नव्हे. खिडकी उघडी ठेवण्याचा आणखी एक फायदा सकाळी दिसतो. पाच जणांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर लागून त्याचे पाणी होते. हवा खेळती नसेल तर अंथरूण ओले होते आणि ओल्या अंथरुणात ऊब राहत नाही.

तिसरा मुक्काम सेमाडोहला, वनखात्याच्या संकुलात. आम्ही आवाराच्या सखल कोपऱ्यात गाडी लावत होतो. तेथला रखवालदार म्हणाला, "खाली नका लावू. तिथं थंडी बसते." उंचावर थंडी जास्त हे आपण भूगोलात शिकतो आणि दिवसा ते खरेच असते. पण हिवाळ्याच्या निरभ्र, शांत रात्री उतारांवरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी ओघळून खोऱ्यात साचते. मग टेकडीपेक्षा खोरेच अधिक गार पडते. शास्त्रज्ञ याला तापमानाची विपरीतता म्हणतात. रखवालदाराने तीन शब्दांत ती सांगितली. आम्ही गाडी वर घेतली.

सेमाडोह सिपना नदीच्या काठी आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. कोरकू ही मराठी-हिंदीशी नाते नसलेली, मुंडा कुळातली भाषा आहे. नदीच्या नावात झाड ठेवणाऱ्या या लोकांचे हे घर आहे, हे पाहुण्याने विसरू नये. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. त्या जंगलात रस्त्याकडेला मनाला येईल तेथे गाडी लावून झोपता येत नाही, चूल पेटवता येत नाही. चाकांवरचे घर असले म्हणून प्रत्येक जागा आपले अंगण होत नाही. सागाची गळलेली पाने आणि सुका बांबू यांना एक ठिणगी पुरते. जंगलात मुक्काम ठरलेल्या जागीच करावा, नाक्यावर विचारूनच पुढे जावे आणि आपला कचरा आपल्याच गाडीतून परत आणावा.

आपल्या महाविद्यालयाच्या सहली बहुधा दूरच्या शहरांकडे जातात. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ असेल. पण इतिहास, भूगोल, मराठी आणि भाषाशास्त्र यांचे एवढे धडे एका दिवसाच्या अंतरात क्वचितच मिळतील. पुढच्या हिवाळ्यात एक सहल या डोंगरात न्यावी, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. स्वतंत्र गाडी हवीच असे नाही, वनखात्याच्या आणि चिखलदऱ्याच्या निवासांतही मुक्काम होतो. निघताना गोधड्या जास्त घ्याव्यात, घाई कमी घ्यावी, आणि संध्याकाळ होण्याच्या आत तेथल्या एखाद्या माणसाला विचारावे, "भाऊ, रात्री थांबायला जागा कोणती चांगली?"