मोटारीचा अस्सलपणा

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत आहे. तेथील यंत्रशाळांत सुटे भाग कातले जातात, तासले जातात आणि मोजले जातात. तपासनिसापुढे भागाचे रेखाचित्र असते. त्यावर प्रत्येक माप लिहिलेले असते आणि ते किती कमीजास्त झाले तर चालेल, याची मर्यादाही दिलेली असते. भाग त्या मर्यादेत बसला की तपासनिसाचे काम संपले. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात परीक्षकाला करावे लागणारे काम याच जातीचे आहे. मात्र ते उलट्या दिशेने चालते. त्याच्यापुढे वस्तू असते, रेखाचित्र बहुधा नसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा ती नेमकी कशी होती, हे त्याला वस्तूवरूनच ठरवावयाचे असते. शिवाय, ज्या कारागिरीमुळे आज नाहीसा झालेला भाग हुबेहूब घडविता येतो, तीच कारागिरी त्याचे काम कठीण करून ठेवते. नक्कल जितकी चांगली, तितकी पारख अवघड.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो अमेरिकेतील ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींच्या बाबतीत. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवावे, ही त्यामागची साधी कल्पना. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने आपल्या ‘ले मान्स’ गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन देऊ केले आणि त्या गाडीला ‘जीटीओ’ हे नाव दिले. इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. पण या कल्पनेतच पुढील घोटाळ्याचे बीज होते. साधी गाडी आणि शक्तिमान गाडी यांचा सांगाडा एक, पत्रा एक. फरक इंजिनाचा, काही जोडभागांचा आणि नावाच्या पट्ट्यांचा. पुढे शक्तिमान गाड्या दुर्मिळ होऊन त्यांना मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा साध्या गाडीला शक्तिमान गाडीचे सोंग देणे अनेकांना सुचले. १९६९ सालच्या शेव्हरोले ‘शेव्हेल’चा वाहनक्रमांक पाहिला, तर इंजिन आठ सिलिंडरांचे आहे एवढेच कळते, ते कोणते, हे तो क्रमांक सांगत नाही.

मग परीक्षक पाहतो काय? प्रथम तो तारखा पाहतो. जनरल मोटर्सच्या इंजिनाचा लोखंडी ठोकळा ओतला जाई, तेव्हाच त्यावर ओतकामाची तारीख उमटे. महिन्यासाठी एक अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक. ‘सी १४ ९’ अशी खूण असेल, तर ठोकळा १४ मार्च १९६९ चा. इंजिनाची जुळणी झाल्यावर त्याच्या माथ्यावरील सपाट जागेत दुसरा ठसा मारीत. त्यात इंजिनाच्या कारखान्याचे आद्याक्षर, महिना, दिवस आणि इंजिनाची जात सांगणारी अक्षरे असत. टोनावांडा येथील कारखान्याचे अक्षर ‘टी’, फ्लिंटचे ‘व्ही’. आता तर्क सरळ आहे. ठोकळा आधी ओतला गेला पाहिजे, इंजिन त्यानंतर जुळले पाहिजे आणि गाडी त्याच्याही नंतर. या क्रमात एक तारीख जरी मागेपुढे झाली, तरी साक्षीदार फुटला असे समजावे. ठसा नव्याने मारणारेही असतात. परंतु कारखान्यात ती सपाटी तासली जाताना यंत्राच्या पात्यांचे बारीक समांतर ओरखडे तिच्यावर राहत. जुने आकडे घासून काढले की ते ओरखडेही जातात. म्हणून परीक्षक आकड्यांइतकेच आकड्यांखालच्या धातूकडेही भिंगातून पाहतो.

यापुढची कसोटी सामान्य प्रेक्षकाला चमत्कारिक वाटेल. गाडी फार सुंदर दिसत असेल, तर तिचे गुण कापले जातात. कारण कारखान्याला घाई होती. रंगाचा फवारा सांगाड्यावर जाई, पत्र्यावरचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राही, तपासनीस खडूने खुणा करीत आणि त्या तशाच राहत. शेव्हरोले ‘कॉर्व्हेट’ या गाड्यांच्या जीर्णोद्धारासाठी १९७४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेचे परीक्षक हेच माप लावतात: गाडी उत्तम आहे काय, असे न विचारता, कारखान्यातून ती अशीच निघाली असती काय, असे विचारावयाचे. आरशासारखा चकचकीत सांगाडा त्या मापाने चूकच ठरतो. ज्या गाडीचा मूळ रंग विटला असूनही कोणी तिला हात लावलेला नाही, तिला तेथे मोठा मान मिळतो. कारण बाकीच्या गाड्यांची पारख शेवटी अशाच गाडीवरून करावयाची असते.

भारतात या प्रश्नाला एक वेगळाच पदर आहे. येथे जुन्या मोटारींची हौस नवी नव्हे. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची दिल्लीतील शर्यत १९६४ साली सुरू झाली. परंतु ‘कारखान्यातून निघाली तशी’ असे म्हणताना कारखाना कोणता धरावयाचा? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्यास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन गाड्या निघू लागल्या. पुढे इटलीची फियाट आली. प्रथम सुटे भाग परदेशातून येत आणि येथे जुळविले जात. नंतर सरकारी धोरणानुसार एकेक भाग देशातच तयार होऊ लागला. तीच फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घरोघरी माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सींची अखेरची नोंदणी संपली.

अशा कुर्ल्याच्या फियाटला कोणी मोठ्या हौसेने इटलीहून आणलेले दिवे आणि आसने बसविली, तर ती अधिक अस्सल होते काय? नाही, ती कमी अस्सल होते. तिचे जन्मस्थान तुरिन नव्हे, कुर्ला. देशी काच, देशी टायर, देशी बॅटरी हीच तिची खरी लक्षणे. परदेशी पुस्तकावरून तिची परीक्षा करणे म्हणजे मराठी शब्दाचे शुद्धलेखन दुसऱ्या भाषेच्या कोशावरून ठरविण्यासारखे आहे.

आता कायद्यानेही या विषयाला महत्त्व दिले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात राखलेली असेल आणि तिचा सांगाडा, साटा व इंजिन यांत मोठा बदल केलेला नसेल, तरच ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. तेव्हा ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हा प्रश्न आता केवळ बक्षिसाच्या चषकापुरता राहिलेला नाही.

त्याचे उत्तर देण्यास पुरावा लागतो, आणि पुरावा नाहीसा होण्यास वेळ लागत नाही. मूळ पाटी काढून नवी चकचकीत पाटी लावली, आतला जुना रंग खरवडून टाकला, कारखान्याची पावती रद्दीत दिली, की एका गाडीबरोबर तिच्या सगळ्या भावंडांची ओळख पुसट होते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या तुरिन सनदेचा रोख हाच आहे: जे टिकले आहे ते टिकवावे, आणि जे बदलावे लागेल ते बदललेले म्हणून ओळखू येईल असे ठेवावे. बोम्मसंद्रातील कुशल कारागिराने जुन्या गाडीसाठी नवा भाग अवश्य घडवावा. मात्र त्यावर जुनी तारीख न ठोकता घडविल्याच्या वर्षाचा ठसा मारावा. त्यामुळे गाडी चालेल, आणि तिचा इतिहासही खोटा ठरणार नाही. प्रामाणिक दुरुस्ती आणि लबाडी यांतील अंतर पुष्कळदा असे एका लहानशा ठशाएवढेच असते.